पेशीला हजर

आई रोज सकाळी शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली की चुलीपुढेच प्रार्थना करायची. तिला त्यासाठी वेगळी जागा लागत नसे. हात पिठाचेच असत. ते ती मांडीवर उताणे ठेवी. प्रार्थना दोन-तीन मिनिटांची असे आणि बारा वर्षं तिच्यात मागणं एकच होतं. नवख्या माणसाला ती प्रार्थना वाटलीही नसती, कारण आई सुरुवातीला स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा उस्मानाबाद असं सगळं सांगायची. मग मजकूर. शेवटी म्हणायची, "ज्यादा हद्दे अदब," आणि त्याला जोडून, "आमेन."

ही घडण अर्जीची होती. आमचं गाव उमरग्यापासून चार कोसांवर. गावाबाहेरच्या वस्तीत सात घरं ख्रिस्ती होती आणि वडील तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. आठवडाभर शाळा भरे त्याच खोलीत रविवारी उपासना होई, तेव्हा ते उपदेशक असत. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि गावात चांगली उर्दू लिहिणारे वडीलच होते. त्यामुळे कुणाला काही मागायचं असलं की तो आमच्या ओसरीवर येऊन बसे. वडील अर्जी लिहीत आणि अंगठा घेण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवत. आत स्वयंपाक करताना आईने अशा किती अर्ज्या ऐकल्या असतील ते सांगता येणार नाही. प्रत्येकीच्या शेवटी ते तीन शब्द असत. यापुढे जास्त बोललो तर आदराची मर्यादा ओलांडल्यासारखं होईल, असा त्यांचा अर्थ. आईने ते शब्द उचलले तेव्हा तिला हा अर्थ माहीत नव्हता. वडिलांनी तो सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग बरोबरच हाय की."

मजकूर असा असे : अर्जदारीण अमक्या गावची लेक आहे. तिला माहेराहून मुराळी येणं बंद झालं आहे. तरी तो पाठवावा.

मुराळी म्हणजे सासरच्या बाईला माहेरी न्यायला येणारा माणूस. तो बहुधा भाऊ असे. पंचमीच्या आधी चार दिवस वस्तीत असे मुराळी यायला लागत आणि एकेका घरातली सून त्यांच्यामागून निघून जाई. त्याच्याशिवाय माहेरी जाता येत नसे असं नाही, पण तसं जाणारी बाई तिथे पाहुणीही नसे आणि लेकही नसे.

आई आणि वडील दोघंही भूमकडचे, एकाच पंचक्रोशीतले. लग्न जातीच्या रीतीने झालं होतं. वडील मिशनच्या बोर्डिंगात शिकले आणि लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला; आईनेही त्यांच्याबरोबर घेतला. मिशनने त्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या या गावी नेमलं. निघायच्या दिवशी मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "तुमी जात सोडली, आमी लेक सोडली." हे वाक्य मला वडिलांनी सांगितलं. आईने ते कधी उच्चारलं नाही. तिने सांगितलं ते वेगळं : मामाने असं केलं नसतं तर भावकीने त्याच्या घरचं पाणी बंद केलं असतं, आणि त्याला दोन पोरी उजवायच्या होत्या. मामाची बाजू आमच्या घरात तीच मांडत असे.

आजी जिवंत होती. दोन-तीन वर्षांतून एकदा कुणाकडून तरी ते कळे. वडील दर उन्हाळ्यात एकदा विषय काढत.

"चल, मी नेतो. मोटारीनं येरमाळ्यापर्यंत जाऊ, पुढं चालू."

"अन् दारात जाऊन काय म्हनू? मास्तरांनी आनलंय म्हनू?"

"अगं, आई तुझी हाय."

"आई माजी हाय, पर दार दादाचं हाय. त्यानं न्ह्यायला यावं. म्या तिथली लेक हाय, भिकारीन न्हाय."

वडिलांना या हट्टापेक्षा रोजच्या मागण्याचं जास्त वाटे. त्यांचं मत असं की देवाकडे एकदा मागावं आणि त्याच्यावर सोडावं. पुन्हा पुन्हा मागणं म्हणजे त्याने ऐकलं की नाही याची शंका धरणं. "देव बहिरा न्हाय," ते म्हणत. ते स्वतः असंच करत. कुणी आजारी पडलं तर एकदाच, उभं राहून, मोजक्या शब्दांत मागत आणि मग त्या विषयावर देवाशी बोलत नसत.

त्यामागे काय होतं हे मला फार उशिरा कळलं. वडील सोळा-सतरा वर्षांचे असताना त्यांचा धाकटा भाऊ पटकीने गेला. तो तीन दिवस आजारी होता आणि ते तिन्ही दिवस वडील त्याच्या अंथरुणाशी गुडघे टेकून मागत होते. त्यानंतर त्यांनी देव सोडला नाही, उलट बाप्तिस्मा त्याच्यानंतरचाच. पण एखादी गोष्ट मागून झाली की ते तिच्याकडे वळून बघत नसत. हे आईने सांगितलं, तेही वडील गेल्यावर.

आईचं उत्तर कचेरीतून आलेलं होतं. मी लहान असताना वस्तीतल्या एका विधवेला तालुक्याला पेशी होती. पेशी म्हणजे अर्जी साहेबापुढे निघण्याचा दिवस. सोबत म्हणून आई गेली. दोघी सकाळपासून कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसल्या. त्यांच्याआधी एका म्हाताऱ्याचा पुकारा झाला. चपराशाने दारात येऊन त्याचं नाव तीनदा घेतलं. म्हातारा सकाळपासून तिथेच होता, पण नेमका त्या वेळी विडी ओढायला कुंपणापलीकडे गेला होता. तो परत आला तेव्हा अर्जी खारीज झाली होती. मजकूर बरोबर होता, अंगठा बरोबर होता; अर्जदार हजर नव्हता एवढंच. विधवेचा पुकारा दुपारी झाला. ती पहिल्याच हाकेला उठली आणि तिचं काम झालं.

आई परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची प्रार्थना रोजची झाली. वडील म्हणाले, "काल मागितलंस ना?"

"अर्जी कालच दिली. आज नवी दिलेली न्हाय. आज हजर हाय नुसती."

"देवाला सांगावं लागतं व्हय हजर हाय म्हणून?"

"त्याला न्हाय सांगत. पुकारा झाला अन् म्याच जाग्यावर नसले तर?"

महिन्यातून एकदा मिशनच्या ठाण्यावरून पाळक येत. ते शिकलेले, मोठ्या मनाचे गृहस्थ होते. आईची प्रार्थना त्यांच्या कानावर गेली तेव्हा ते आधी मनापासून हसले आणि मग तिला समजावून सांगू लागले.

"मास्तरीणबाई, देव म्हणजे तहसीलदार नव्हे."

"व्हय पाळकसाहेब. तहसीलदार जेवायला उठतो. ह्यो उठत न्हाय."

"मग पत्ता कशाला सांगता? त्याला तुमचं घर माहीत नाही?"

"त्याला हाय. मलाच इसर पडू ने, कोन मागतंय त्याचा."

जाताना पाळक वडिलांना म्हणाले की बाईंना शिकवायची गरज दिसत नाही. वडिलांना ते फारसं पटलं नव्हतं.

आमच्या मंडळीत एक रीत होती. रविवारी सामाईक प्रार्थनेच्या आधी ज्याला जे मागायचं असेल त्याने उभं राहून ते सांगायचं. मग सगळे मिळून ते मागत. एकदा मांडलेलं मागणं दर रविवारी घेतलं जाई. तो माणूस पुन्हा उभा राहून आभार मानेपर्यंत ते चालू राही. आभार मानले की मिटलं. आईचं मागणं सगळ्यांत जुनं होतं. पोरासोरांनाही ते पाठ होतं. ताप, बाळंतपण, हरवलेली शेळी अशी मागणी येत आणि मिटत. आईचं तेवढं राहिलं होतं.

पंचमी आमच्यात पाळत नसत. आई वारुळाला जात नसे, पण त्या आठवड्यात तिचं एक वागणं ठरलेलं असे : दुसऱ्या कुणाला पुरं करता येणार नाही असं कोणतंही काम ती हाती घेत नसे. गोधडीला टाका घालायची नाही. कोंबडी अंड्यांवर बसवायची नाही. एका वर्षी वडिलांनी विचारलं, "गोधडी का अडलीय?"

"मधीच सोडून जावं लागलं तर?"

पंचमी होऊन गेली की दुसऱ्या दिवशी ती दोरा ओवून बसे. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. निदान मला दिसलं नाही.

निजामीच्या शेवटच्या वर्षात रझाकारांची धास्ती वाढली तसा हा सगळा क्रम मोडला. सरहद्दीजवळची गावं रिकामी होऊ लागली. आमच्या गावातली कितीतरी कुटुंबं गाडीत भांडीकुंडी घालून सोलापूरच्या हद्दीत गेली. भूमकडची माणसं बार्शीकडे उतरल्याचं ऐकू येई, पण कोण गेलं आणि कोण राहिलं हे सांगणारं कुणी नव्हतं. आम्ही राहिलो, कारण मिशनने शाळा बंद करायला सांगितलं नव्हतं. वर्गात नऊ पोरं उरली होती. ओसरीवर अर्जी लिहून घ्यायला कुणी येईना.

या काळात आईच्या मजकुरात भर पडली. माहेरची माणसं जिवंत ठेवावीत, असं एक वाक्य ती मुराळ्याच्या आधी घालू लागली. वडिलांच्या ते लक्षात आलं.

"अर्जी बदललीस काय गं?"

"बदलली न्हाय. पुरवणी जोडलीय."

पोलीस कारवाई झाली, निजामाचा अंमल संपला आणि पुढच्या काही आठवड्यांत गेलेली माणसं परत येऊ लागली. अशाच एका सकाळी सोलापूरहून परतणाऱ्या कुटुंबाची बैलगाडी शाळेपुढे थांबली. गाडीतून आधी एक काठी खाली आली आणि मग एक वाळकी, ताठ म्हातारी. तिने शाळेच्या दारातून आत पाहिलं. वडील पाढे घेत होते. ती म्हणाली, "मास्तर, पिकलात की तुमी."

ती आजी होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

वडिलांनी खडू खाली ठेवला. त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला आणि मला आईला बोलवायला धाडलं. आई आली ती पिठाच्या हातांनी. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आजीनेच आधी विचारलं, "दात कुटं गेला गं तुजा?" आईचा पुढचा एक दात माझ्या भावाच्या वेळच्या बाळंतपणात पडला होता. त्यानंतर दोघी रडल्या, थोडा वेळ. पोरं बघत होती म्हणून वडिलांनी शाळा सोडली.

घडलं होतं ते असं. मामाचं बिऱ्हाड बार्शीकडे उतरलं आणि तिथून सोलापूरला गेलं. मामाने काही महिने तिथे हमाली केली. तिथे ज्या वस्तीत ते राहिले, तिथेच शेजारी आमच्या गावचं एक कुटुंब होतं. ते परत निघालं तेव्हा आजीने गाव विचारलं आणि गाडीत चढून बसली. मामाला तिने "येते" एवढंच सांगितलं. तो समजला, नळावर चालली.

चौथ्या दिवशी मामा आला. दोन दिवस त्याने म्हातारी सोलापुरात शोधली होती, मग ती शेजाऱ्यांच्या गाडीत बसून गेल्याचं कळलं. वडील पुढे होऊन म्हणाले, "या पाव्हणं, बसा." मामा ओसरीवर चढला नाही. अंगणात कपडे धुवायचा दगड होता, त्यावर बसला. आईने तांब्या भरून माझ्या हातात दिला. मी तो त्याच्याजवळ ठेवला.

"पानी पी," आजी ओसरीवरून म्हणाली.

"तहान न्हाय."

"सोलापुरापासनं आलास अन् तहान न्हाय? उंट हायस का?"

"आई, चल. गाडी थांबलीया."

"बहीन हाय ती तुजी."

मामाने तांब्याकडे पाहिलं. आई आत चुलीपाशीच होती. ती बाहेर आली नाही. न बोलावता समोर जायचं नाही हे तिने तिथेही पाळलं. आजीने आपलं बोचकं उचललं. गाडीत बसताना मोठ्याने, मामाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरी, पंचमीला ये गं."

आई आता दारात आली होती. "आई, तू बोलावून काय व्हतं?"

आजीने मामाकडे पाहिलं. मामा बैलांच्या जोताकडे बघत होता. गाडी गेली. तांब्या तसाच भरलेला होता.

त्या रविवारी वडिलांच्या हातून चूक झाली. उपासनेत मागणी सांगायची वेळ आली तेव्हा ते स्वतः उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या घरचं बारा वर्षांचं मागणं प्रभूने ऐकलं, माय-लेकींची भेट झाली, त्याबद्दल त्याचे आभार. मंडळी गहिवरली. कुणीतरी टाळ वाजवला आणि गाणं सुरू झालं. रीतीप्रमाणे आईचं मागणं मिटलं.

आई घरी येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "अवो, निकाल तुमी कशाला सांगितला?"

"अगं, आई दारात आली तुझ्या. आणखी काय पायजे?"

"आई आली. मुराळी आला न्हाय. माजं मागनं मुराळ्याचं हाय."

"आला की तुझा भाऊ."

"आईला न्ह्यायला आला. मला न्हाय."

"देव देतो ते घ्यावं. त्याच्याशी शब्दाशब्दावर भांडू ने."

"घेतलं की. आईसाठी आभार म्या बी मानले. पर त्यानं दिलं त्याच्यावर म्या का म्हनू, की आता बास, पुढचं तुजं तुज्याकडं ठेव?"

वडील बाहेर जाऊन बसले. मला वाटतं, आईच्या शब्दांपेक्षा मंडळीसमोर काढलेले शब्द त्यांना सलत होते. उपदेशकाने जाहीर मानलेले आभार कसे मागे घ्यायचे, याची काही रीत नव्हती.

ती आईने पाडली. पुढच्या रविवारी ती उभी राहिली. बायकांनी उभं राहून बोलणं आमच्यात नवं नव्हतं, पण उपदेशकाच्या बायकोने त्याचं म्हणणं खोडणं नवं होतं. ती म्हणाली, "माजं मागनं अजून मिटलेलं न्हाय. पयल्यासारखंच घ्यावं." आणि बसली.

एक म्हातारी हळूच म्हणाली, "मास्तरांनी तर गानं बी म्हनवून घेतलं की." दोघीतिघी पदराआड हसल्या. वडील पुस्तकाचं पान धरून उभे होते. मग त्यांनी मागण्यांमध्ये आईचं मागणं घेतलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण खुशीही नव्हती.

त्यानंतरचे दहा-अकरा महिने घरात या विषयावर वाद झाला नाही. आई सकाळी चुलीपुढे बसे. वडील त्या वेळी शाळेची घंटा द्यायला बाहेर पडत. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला केव्हातरी एक बदल झाला, तो मला तारखेने सांगता येणार नाही. वडील दारातून निघताना थांबू लागले. आई "आमेन" म्हणेपर्यंत ते चौकटीला हात लावून उभे राहत आणि मग घंटेकडे जात. ते तिच्याबरोबर मागत होते की नुसते तिचं संपायची वाट बघत होते, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा घंटेला उशीर झाला म्हणून पोरांनी गलका केला, तरी ते थांबले होते.

मामा पंचमीच्या आधी पाच दिवस आला.

तो एकटाच होता, चालत आलेला. धोतर चिखलाने भरलं होतं. अंगणात आला आणि या वेळी दगडावर न बसता सरळ ओसरीच्या कडेला टेकला. वडील शाळेत होते. आई दळत होती. जातं थांबलं.

"पानी आन गं," मामा म्हणाला. ते मला होतं की आईला, कळलं नाही. मी तांब्या नेला. त्याने तो तोंडाला न लावता वरून धार धरून सगळा रिकामा केला आणि परत माझ्या हातात दिला. "आनखी."

दुसरा तांब्या झाल्यावर तो आईकडे न बघता बोलू लागला. "म्हातारीनं माजा जीव खाल्ला. सोलापुरातनं आलो त्या दिसापासनं. सकाळ झाली की सुरू. पोरीला आन. तोंड धुतो तवा सुरू, जेवतो तवा सुरू. म्या शेतात गेलो तर बांधावर येऊन हुबी. भावकीचं सांगितलं तर म्हनती, भावकी मला पोचवायला येईल, तवर ऱ्हाऊ दे. परवा म्हनली, तू न्हाय गेलास तर म्याच जाते परत. म्हनलं, नगं आई, मागच्या बारीला दोन दिस हिंडलो म्या तुला हुडकत."

"भावकी काय म्हनली?" आईने विचारलं.

"म्या इचारलं न्हाय."

धोतराचा चिखल झटकत तो म्हणाला, "लुगडं बांद. उद्या सकाळी निघू."

आई उठली, हात धुतले आणि चुलीकडे गेली. तिने मामासाठी पिठलं टाकलं. वडील आले तेव्हा मामा ओसरीवर जेवत होता. वडील त्याच्या शेजारी बसले आणि दोघे पाऊसपाण्याचं बोलले. मामाने त्यांना "दाजी" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी झाल्यावर आई चुलीपुढे बसली. मामा बाहेर खोळंबला होता. त्याने मला विचारलं, "काय करतीया?" मी सांगितलं, प्रार्थना करते. "हितं बी रोज सकाळीच?" तो म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

मी आईबरोबर गेले. मोटारीने तुळजापूर, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी उस्मानाबादवरून येरमाळा. मोटारीत मामा पुढे बसला होता. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिला म्हटलं, "आई, देवानं ऐकलं."

"व्हय," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, जणू मघाचंच बोलणं चालू होतं अशी, म्हणाली, "पर म्या हिकडं मागत व्हते अन् आई तिकडं मागत व्हती. ती तर त्याला वळखत बी न्हाय. कुनाचं ऐकलं, त्यालाच ठावं."

रविवारी हे सांगशील का, असं मी विचारलं.

"सांगीन. त्यात लपवायचं काय?"

येरमाळ्याला उतरून आम्ही भूमच्या दिशेने चालू लागलो. आईचं बोचकं मामाने डोक्यावर घेतलं होतं. मुराळ्याने ते घ्यायचं असतं. पाऊस नव्हता, श्रावणातलं कडक ऊन होतं. दुपार कलताना गाव दिसलं. गावाच्या अलीकडे वाट फुटत होती. एक ओढ्याच्या काठाने वस्तीच्या मागच्या अंगाला, मामाच्या परसात जात होती. ती जवळची होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. दुसरी वस्तीच्या मधून, पारापुढून जाई. पारावर माणसं बसलेली लांबून दिसत होती.

फाट्यावर आई थांबली. "दादा, वड्याच्या वाटंनं चल. तुला तरास नगं."

मामाने बोचकं एका हाताने सावरलं. "तिकडं चिखुल हाय," तो म्हणाला आणि पाराच्या वाटेला लागला. ओढ्याकडची वाट कोरडी होती. मी ती पाहत होते.

पारावर पाच-सहा जण होते, सगळे भावकीतले, मामापेक्षा वयाने मोठे. आम्ही जवळ आलो तशी त्यांची बोलणी थांबली. त्यांतला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा म्हणाला, "कोन पाव्हनी रं?" आईला तो तिच्या लहानपणापासून ओळखत होता, हे तिने मला मागाहून सांगितलं.

मामा थांबला. आई त्याच्या मागे दोन पावलांवर उभी राहिली. तिने पदर पुढे ओढला नाही.

"बहीन हाय माजी," मामा म्हणाला. "पंचमीला आनलीया."

"ती किरिस्ताव झालेली?"

"तीच. मला दुसरी कुटं हाय?"

म्हाताऱ्याने बाकीच्यांकडे पाहिलं. एकाने खाकरून पलीकडे थुंकलं, ते आमच्यासाठी होतं की तंबाखूचं, हे सांगता येत नाही. मामा डोक्यावर बोचकं घेऊन तसाच उभा होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"मग उनात कशाला हुबी केलीस तिला?" म्हातारा शेवटी म्हणाला. "ने घरला."

घर तिथून चौथं होतं.